ड्रॅगनाचं उद्यापन

"उद्यापनाशिवाय व्रत सोडायचं नाही, श्रीदेवी. आणि उद्यापन झाल्यावर धरून बसायचं नाही." सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सोमवारी बेल निवडताना श्रीदेवीबाईंना हे ऐकू येई. सोलापूरच्या त्या घरात ऐकू येण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं.

मुलगा मृत्युंजय पुण्यात, गेम बनवणाऱ्या कंपनीत. महिन्यातून एक फोन, तोही चालता चालता. एका रविवारी मात्र तो निवांत बोलला. गेममधल्या लोकांना एक धर्म हवा होता, ड्रॅगनला मानणारा, जरा गूढ असा.

"व्रतं तुला पाठ हायत की, अव्वा. तूच सांग."

बाईंनी आधी विचारलं, तो खातो काय.

"माणसं."

"सोमवारी चालायचं न्हाई."

ड्रॅगनला सोमवारचा उपास लागला. उपास सोडायला काय, म्हणून दुसरा फोन आला. बाईंनी कडक भाकरी नि शेंगाचटणी सांगितली. उपासात आग ओकावी का, म्हणून तिसरा. दिवा लावण्यापुरती ओकावी. सोवळ्यात तलवार धरावी का? लढाईतच दिवेलागण झाली तर? फोन रोज येऊ लागला. एक शंका फिटताना दुसरी निघेल, असे नियम बाई सांगू लागल्या. ड्रॅगनला अधिक महिनाही आला.

दीड महिन्यात गेम ठप्प झाला. खेळून बघणाऱ्यांना लढायला सवडच मिळेना. सैन्य फुलं वेचत हिंडत होतं, आणि शत्रूनंही व्रत धरलं होतं.

"साहेब लई ओरडायलेत, अव्वा. आता तेवढं उद्यापन सांग. धर्म पुरा झाला की तुलाबी त्रास न्हाई."

"त्रास कसला रे," बाई हळूच म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस त्यांना तिथी जुळेना, मग पंचांग सापडेना. चौथ्या दिवशी मृत्युंजयनं शब्दच मागितला. दिवेलागणीपर्यंत लिहून पाठवीन, असा त्यांनी दिला.

दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. देवापुढून उठून त्या वही घेऊन बसल्या. सोळा जोडप्यांचं जेवण, आरती, ड्रॅगनला निरोप, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुन्हा वाचलं. कुठे शंका म्हणून राहिली नव्हती.

बाईंनी थोडा वेळ मुक्या फोनकडे पाहिलं. मग नैवेद्याच्या ओळीतलं, मीठ घालायचं की अळणी ठेवायचं, तेवढं खोडलं आणि पानाचा फोटो पाठवायला चष्मा पुसला.