तोफांना पेटीची साथ

पडद्यावर तोफ उडाली की आमच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत बाजाची पेटी वाजायची. आणि वाजायचं काय, तर लग्नाची वरात निघाल्यावर वाजतं ते! लढाईचे दिवस. मुख्य खेळाआधी लढाईचा बातमीपट दाखवलाच पाहिजे, असा सरकारी हुकूम. इकडे रणगाडे धडाडतायत आणि पडद्यामागून वरात! पब्लिक हसून लोळायचं आणि मी मॅनेजर, कपाळाला हात लावून बसायचो.

या उपद्व्यापाचं नाव दत्तोबा. मूकपटांच्या काळात हाच आमच्या तंबूत पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा. बोलपट आला, दत्तोबाचं काम गेलं. दत्तोबा काही गेला नाही. घरदार नव्हतंच. तंबू कोरेगावला गेला की हा कोरेगावला, कडेगावला गेला की कडेगावला, गळ्यात पेटी अडकवून हजर! "अहो, सिनेमा आता स्वतःच बोलतो," असं मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. "बोलतुया, पर सुरात न्हाई," हे ठरलेलं उत्तर. नायिका रडायला लागली की हा मागून ओरडायचा, "बाई, पट्टी सुटली!"

मिरजेला तंबू रुळांलगतच होता; तिथल्या स्टेशनावर दत्तोबाला जोडीदार भेटला. सुभाना. पलटणीतून डोकं फिरून परत आलेला शिपाई. दिवसभर गाडीतून उतरणाऱ्यांची तोंडं न्याहाळत फिरायचा. दत्तोबा मागून आणलेली भाकरी आधी त्याला द्यायचा आणि वर त्याच्यावरच खेकसायचा. "गिळ की रं गड्या! पलटणीचं जेवाण कुठनं आणू?" दोघं आमच्या पडद्यामागेच पथारी टाकायचे. एक वेडा कमी पडत होता म्हणून दुसरा!

अशात परवाना देणारे साहेब खेळाला आले. वरात वाजली. साहेब लालबुंद झाले. "उद्या पेटी वाजली तर तंबू गुंडाळायचा!" आम्हा सगळ्यांचं पोट त्या तंबूवर. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा पहिल्या रांगेत. बातमीपट सुरू झाला तसा मी तणतणत पडद्यामागे गेलो, पेटी हिसकावून घ्यायलाच.

सुभाना पडद्याला चिकटून उभा होता. तोफ धडाडली. तो कान दाबून रुळांकडे पळत सुटणार, तेवढ्यात दत्तोबाने दणक्यात भाता मारला. वरात सुरू झाली. सुभाना थबकला, वळला आणि परत पडद्याशी येऊन उभा राहिला.

"आवं मॅनेजर, जरा दम धरा," दत्तोबा वाजवता वाजवता म्हणाला. "तोफा झाल्या की पायदळ येतंय. ह्येचा पलटणीतला दोस्त त्यात दिसंल म्हून ह्यो रोज बघतुया. तोफंलाच पळाला तर बघंल कवा?"

पायदळ आलं. सुभाना पडद्यावरचा एकेक चेहरा बोटांनी चाचपत होता. पायदळ गेलं. त्याचा हात तसाच कापडावर राहिला.

"नवं रीळ येतंया गड्या, त्यात असंल," दत्तोबाने त्याला खाली बसवलं.

"आणि सापडला तर?" मी हळूच विचारलं.

"मग ह्यो जाईल की त्येच्याकडं." दत्तोबाने पेटीचं झाकण लावलं. "मी हायेच एकटा. मला लय सवय हाय."

मी रिकाम्या हातांनी बाहेर आलो आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, भोंगाच बिघडलाय. मोठा आवाज झाला की त्यातून सूर निघतात. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचाय."

लढाई संपेपर्यंत तो माणूस काही आला नाही.