चोवीस चौकोन

“आज प्रमाणपत्र घेऊनच येते, बघाच तुम्ही!” असं नवऱ्याला ठणकावून सांगत ताई घराबाहेर पडल्या. समुपदेशकाच्या परीक्षेची ही त्यांची तिसरी आणि शेवटची खेप. हुकली, की तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात! पहिल्यांदा त्या मान कमी डोलावतात म्हणून नापास झाल्या होत्या, दुसऱ्यांदा जास्त डोलावतात म्हणून.

पद्धत तशी सोपी. एक पगारी नट रुग्ण बनून समोर बसणार, ताई त्याचं ऐकणार आणि परीक्षक कोपऱ्यातून चोवीस कौशल्यांच्या चौकोनांत खुणा करणार. धीर दिला, खूण. गप्प बसल्या, खूण. समोरच्याला बरं वाटलं का, याला मात्र चौकोनच नव्हता!

ऐन वेळी नटाचा घसा बसला.

“हात्तिच्या! मीच होतो की रुग्ण,” परीक्षक सर म्हणाले आणि गुणपत्रिका मांडीवर घेऊन समोर बसले. “समजा, मला घरात कोणी विचारत नाही.”

“कोणी म्हणजे?”

“बायको. मुलगी. कुत्रासुद्धा!”

ताईंनी अगदी बेतानं मान डोलावली. झालं! सरांचा बांधच फुटला. बायको काही बोलली, की हे तिला दहापैकी गुण देत. मुलगी रडली, की “भावना नीट व्यक्त झाली नाही” म्हणत. आता हे खोलीत आले, की दोघी उठून जातात. नाटक केव्हा संपलं ते सरांनाही कळलं नाही. पेन गळून पडलं, नाक वाहू लागलं आणि रुमाल सापडेना म्हणून त्यांनी ते गुणपत्रिकेलाच पुसलं!

ताईंना त्यांची खरंच दया आली. परीक्षाबिरीक्षा विसरून त्या तासभर ऐकत राहिल्या.

“आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं ऐकून घेतलं हो!” सर म्हणाले.

“मग मी पास?”

सरांनी आधी चेहरा सरळ केला, मग कागद. “चौकोन सगळे कोरे आहेत. खूण नाही, म्हणजे कौशल्य दिसलं नाही. नापास.”

“अहो, पण रडत तर तुम्हीच होतात!”

“रुग्णाचं मत धरत नाहीत. नियम आहे तसा.”

“कोणी केला असला नियम?”

“मीच,” सर पुटपुटले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “पुढच्या गुरुवारी वेळ आहे का तुम्हाला? परीक्षेसाठी नाही. माझ्यासाठी.”

ताईंनी पर्स खांद्याला लावली.

“मी नापास आहे, सर. एखादा पास झालेला बघा!”