बर्फावरच्या तंबूसाठी दिवा

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या डॉक्टर सामंतांकडे त्या ऑक्टोबरात चहाला गेलात, तर चहा तंबूत मिळायचा. तंबू बागेत नव्हे, बैठकीच्या खोलीत. सोफा भिंतीला ढकललेला, पडदे भर दुपारी ओढलेले आणि मधोमध तो लालभडक तंबू. आत दोन घडीच्या खुर्च्या आणि मधे शैलाकाकूंचं स्टीलचं ताट. "ते ताट म्हणजे बर्फातलं भोक. पाय सांभाळ, बुडशील," काका गंभीरपणे बजावायचे.

काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ, मूळचे वेंगुर्ल्याचे. "झोपवेल कोणीही, उठवता आलं पाहिजे," हे त्यांचं पेटंट वाक्य. ते बॉयलरला, गाडीला आणि माझ्या करिअरलासुद्धा लागू पडायचं. मी शेजारचा, पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला आणि शुद्ध शाकाहारी. मासेमारीतला सल्लागार म्हणून त्यांनी माझी निवड का केली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक फोन होता. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल नॉर्वेत असायचा. बापलेकांचं फोनवर बोलणं म्हणजे, "हवा कशी आहे?" "थंड." "बरं, आईला देतो." वर्षानुवर्षं एवढंच. त्या निखिलने एकदा आपणहून म्हटलं, "बाबा, फेब्रुवारीमध्ये ये ना. इथलं तळं फ्रीझ होतं, आइसमध्ये होल करून फिशिंग करू, ओन्ली यू अँड मी. टेंट आहे माझ्याकडे. लाइट तेवढा तू आण."

झालं! काकांनी रंगीत तालमीसाठी इथे तसाच तंबू विकत घेतला आणि दिव्याच्या मागे हात धुऊन लागले.

गॅसचा कंदील पहिल्याच दिवशी बाद झाला. "बंद तंबूत गॅस? मेल्या, मासा गळाला लागायच्या आधी आपण गार!" थंडीत बॅटऱ्या माना टाकतात, म्हणून बाकीच्या दिव्यांची रवानगी फ्रीझरमध्ये झाली. काकू कावल्या. "परवा फ्रीझर उघडला तर सुरमईच्या खालून उजेड येत होता! माझं काळीज थांबायचं!"

नवा निळसर एलईडी दिवा फ्रीझरमधून पास होऊन आला. काकांनी तो माझ्या तोंडासमोर धरला. "या उजेडात तू मॉर्च्युरीतून आल्यासारखा दिसतोस. रिजेक्ट."

मग कपाळावर बांधायचा दिवा आला. मला तो फार आवडला. उजेड लख्ख, हात मोकळे. काकांनी तो बांधला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे दिपून मी मान वळवली.

"बघितलंस? ज्याच्याकडे बघावं तो तोंड फिरवतो. त्यासाठी दिवा कशाला हवा? आमचं तसंही तेच चाललंय."

शेवटी त्यांनी एक छोटासा पिवळट दिवा लावला. त्यात आम्ही दोघं जेमतेम दिसत होतो.

"काका, यात गळसुद्धा दिसायचा नाही."

"गळ चाचपूनही लावता येतो रे." ते दिव्याकडेच बघत राहिले. "मला निखिलला काही सांगायचंय. लख्ख उजेडात त्याचा चेहरा समोर आला की जमत नाही मला. आणि पार अंधारात तो ऐकतोय की नाही ते कसं कळणार?"

मग ते माझ्याकडे वळले.

"तू जरा निखिल हो बघू."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नकोस. नुसता बस."

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, घसा खाकरला आणि पुन्हा खाकरला.

"निखिल, तू लहान होतास तेव्हा मला सारख्या नाइट ड्युट्या असायच्या. दोन ऑपरेशनांच्या मधे तुझी फार आठवण यायची रे. फोन करावा, तर तू झोपलेला असायचास. सकाळी मी येईपर्यंत तू शाळेत. मला वाटायचं, पुढे बोलू. मग तू मोठाच झालास."

निखिल यावर काय म्हणाला असता कोण जाणे. माझ्या तोंडून "हो, बाबा" एवढंच आलं.

काका कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

"झालं का तुमचं?" बाहेरून काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"थांब गं जरा," काका म्हणाले. "आणखी एकदा म्हणून बघतो."