शेपटीतलं वजन

"सूनबाई, पोरीमागे किती धावशील? त्यापेक्षा ह्यांच्यावर लक्ष ठेव. हे कुठेही कलंडतात!" सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. रांगती मुलगी क्षणभर नजरेआड न होऊ देणाऱ्या बाईला सत्तरीचे सासरे काय जड!

आमच्या गॅरेजमध्ये विमान आहे. खरंखुरं! सुट्या भागांची खोकी मागवून नवऱ्याने घरीच जुळवलेलं. पुढे दोन माणसं, मागे सामानाचा ऐसपैस कप्पा. माझ्याशी बोलला नसेल इतका तो पत्रे जोडणाऱ्या त्या रिव्हेटांशी बोललाय.

आज परीक्षक वजन घ्यायला आले. प्रत्येक चाकाखाली एक काटा. तोल जमला तरच उड्डाणाची परवानगी. चिमीला कडेवर आवळून मी उभी. ह्या पत्र्याच्या डब्यात बसून माझा नवरा आभाळात जाणार होता!

"शेपूट भलतीच जड आहे," परीक्षक म्हणाले.

"शक्यच नाही! हिशेब पक्का आहे माझा."

"मग काट्याला समजावा."

नवऱ्याने पुढच्या सीटवर वाळूची पोती रचली. काटा हट्टी!

"तू आत काही ठेवलंस का गं?" तो माझ्यावर खेकसला.

"मी? मी चिमीचा खुळखुळासुद्धा नजरेसमोर ठेवते!"

"असं विमान नाक वर करेल आणि दगडासारखं खाली येईल," म्हणत परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. माझं अर्धं मन म्हणालं, सुटलो! उरलेलं अर्धं नवऱ्याचा चेहरा बघून रडायला लागलं.

तेवढ्यात शेपूट शिंकली!

परीक्षक टुणकन मागे! नवऱ्याने कप्प्याचा पडदा ओढला. आत सासरे, उशीसकट!

"बाबा! इथे?"

"मग कुठे झोपू? घरात एक तर तुझी लेक रडते, नाहीतर तुझी बायको तिला शोधते!"

सासरे उतरले, वाळूची पोतीही उतरवली आणि काटे शहाण्यासारखे जागेवर आले. पण परीक्षक म्हणाले, "इतकं वजन आत लोळलंय. पत्रा टिचला नाही ना, बघून या. मग सही."

नवरा टॉर्च घेऊन शेपटीत शिरला, त्याला बराच वेळ झाला. आधी ठकठक यायची. आता आतून संथ घरघर येतेय. परीक्षक घरात सासूबाईंसोबत चहा घेतायत. कप रिकामा झाला की निघणार. हाक मारावी, तर चिमी आत्ता कुठे माझ्या खांद्यावर झोपलीय. हे मी एका हाताने फोनवर लिहितेय.

जवळपास असाल तर गॅरेजमध्ये जरा डोकावता का? शेपटीतून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. गदागदा हलवा. फक्त चपला बाहेर काढा हं, चिमी उठेल!