सिस्टरच्या माघारी

गणराज मोकल सर भूगोल शिकवायचे आणि त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. या दुसऱ्या गुणामुळेच तळ्याजवळच्या त्या लहानशा महाविद्यालयाचा देणगी विभाग त्यांच्या गळ्यात पडला होता. प्राचार्य कुठल्याशा कार्यशाळेहून एक नवी कल्पना घेऊन आले होते. लोकांकडे आज काही मागायचं नाही. त्यांनी इच्छापत्रात कॉलेजचं नाव घालायचं, आणि ते गेल्यावर त्या देणगीतून इथली मुलं विद्यापीठात पुढे शिकायची. कल्पना झकास होती. फक्त भल्या माणसाच्या ओटीवर बसून, त्याचाच चहा पीत, "तुम्ही गेल्यावर" हा विषय काढायचा कसा, हे कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

सर वर्षभर गावोगाव हिंडले. "पुढेमागे", "देव न करो", "वेळ काय सांगून येते" असं म्हणत ते विषयाभोवती इतक्या प्रदक्षिणा घालत, की यजमानांना ते विम्याचे एजंट वाटत. एका आजोबांनी तर चहा सांगून येतो म्हणून आत जाऊन मागच्या दाराने पोबारा केला. वर्षाअखेरीला सरांच्या हाती लागल्या त्या एकट्या भिमाबाई.

भिमाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. बोर्ली पंचतन गावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. बाजारात त्यांचे दोन गाळे भाड्याने दिलेले होते. सर त्यांच्यापुढेही घाम पुसत "देव न करो" म्हणायला लागले, तेव्हा त्याच वैतागल्या.

"सर, मी मेल्यावर असं म्हना की सरल. जनम दवाखान्यात गेला माझा, मला काय नवीन हाय त्यात? माझ्या माघारी दोनी गाळ्यांचं भाडं तुमच्या पोरांना. हितं शिकली नं पुढं मुंबईला विद्यापीठात जायचीत, त्यांना. संघर्षला मी सांगितलंय, त्याची ना न्हाय."

संघर्ष हा त्यांचा मुलगा, न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर होता. त्याची खरंच ना नव्हती. रीतसर इच्छापत्र झालं, आणि देणगी विभागाची अब्रू वाचली.

या जूनमध्ये प्राचार्यांना वाटलं, बाईंचा सत्कार करावा. म्हणजे बघून इतरांनाही बुद्धी होईल. तारखेसकट निमंत्रणाचं पत्र गेलं, आणि येणार का ते विचारायला सरांनी बाईंच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला तो शेजारच्या भागुबाईने.

"सिस्टर आहेत का?"

"न्हायत. गेल्या."

"गेल्या?" सर खुर्चीतून उठले. "कधी?"

"परवा सकालच्याला."

"अहो, पण परवापरवापर्यंत तर ठणठणीत होत्या! कशानं गेल्या?"

"यष्टीनं."

सरांनी डोळे मिटले. त्या रस्त्याची सगळी वळणं त्यांना तोंडपाठ होती.

"जवळ कोणी होतं का?"

"कोन असनार? एकल्याच. मी नाक्यावर होती म्हनून. पिशवी अशी घट धरलेली हातात, सोडवंना. मंग तिकडं संघर्षनं येऊन नेल्या घरी. आता पुडचं समदं तोच बघनार." भागुबाईने सुस्कारा सोडला. सिस्टर गेल्यापासून तिला चहाला सोबत नव्हती.

"काही... काही बोलल्या का शेवटी?"

"व्हय तं. म्हनाल्या, भागू, माझ्या माघारी कालेजाचा फोन येल. त्यांना सांग, माझ्यासाठी कायबी थांबवू नका. पोरांचं काम करून टाका म्हनावं."

एसटीने माणूस मरतो तसा न्हावा शेव्याला सुनेच्या बाळंतपणालाही जातो, आणि गडबडीत फोन घरीच विसरतो, हे सरांच्या ध्यानात आलं नाही. ते फोनवरच रडले. पलीकडून भागुबाई म्हणाली, "रडू नका वो सर, असं काय करताव," आणि तिनेही पदर डोळ्यांना लावला.

रडणं खरं होतं. पण रडताना सरांच्या मनात प्रांजली येऊन गेली, आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

प्रांजली ही जवळच्याच वाडीतली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. वनस्पतिशास्त्रात पहिली आलेली. तिला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, पण फी आणि होस्टेल कुठून भरायचं, याचं उत्तर घरात नव्हतं. कारखान्यातलं बापाचं कंत्राट सुटलेलं. मुदत संपत आली होती, आणि ती मुकाट्याने एका गोदामात पार्सलं मोजायच्या नोकरीला होकार देऊन बसली होती.

"मोकल, बाईंची शेवटची इच्छा म्हणजे आपल्याला आज्ञाच," प्राचार्य गंभीरपणे म्हणाले. "गाळ्यांचं भाडं यायचं तेव्हा येईल. मुलीची पहिली फी कॉलेजच्या खात्यातून भरून टाका. आणि सत्काराचीच आता श्रद्धांजली सभा करू."

"संघर्षला एकदा विचारायला हवं होतं..."

"नंबर आहे त्याचा?"

नंबर नव्हता. सिस्टरच्या फोनवर सरांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला, पण तो आता बंद लागत होता. भागुबाईला फोन उचलता येत असे, चार्जिंगला लावायची तिला धास्ती वाटे. तेव्हा फी भरली गेली. प्रांजलीने गोदामाला नाही कळवलं. तिच्या आईने सिस्टरना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या रात्री त्यांच्या नावाने दिवा लावला.

सभेचा फ्लेक्स आला तो "कै. भिमाबाई" असा. मराठीच्या क्रांती मॅडमनी तो बघून कपाळावर हात मारला. "अहो सर, बौद्ध घरातल्या बाई त्या! आमच्यात कैलासवासी नसतं. कालकथित लिहितात." सरांनी पदरमोड करून दुसरा फ्लेक्स करून घेतला. 'कालकथित भिमाबाई सिस्टर यांना आदरांजली.' निदान एवढी तरी चूक वेळेत सुधारली, म्हणून त्यांना जरा हलकं वाटलं.

सभेच्या सकाळी सर फाटकाशी उभे होते. समोर एसटी थांबली आणि तिच्यातून पिशवी सावरत कालकथित भिमाबाई उतरल्या.

सरांनी फाटक घट्ट धरलं. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्या क्षणी त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. भूत असतं तर निभावलं असतं. जिवंत बाईचं काय करायचं?

"काय वो सर, किती वाळलाव!" सिस्टर म्हणाल्या. "काल बोर्लीला परत आले, तं भागू म्हनाली, सर फोनवर ढसाढसा रडले, तुमी न्हाय म्हनून. मला नात झाली, तिकडं होते मी. पन माझ्यापायी कोन इतकं रडतं हो? म्हटलं, चला, कार्यक्रमाला जाऊनच येऊ."

"वा, वा... नात! अभिनंदन... या ना, चहा घ्या," सर म्हणाले. त्यांनी सिस्टरना प्राचार्यांच्या खोलीत बसवलं आणि प्राचार्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात ओढलं.

"सर, त्या जिवंत आहेत."

"कोण?"

"भिमाबाई."

"अरेरे, वाईट झालं!" प्राचार्य बोलून गेले आणि चपापले. "म्हणजे उत्तम झालं हो. पण मोकल, मुलीची फी भरली आपण! त्या जिवंत असताना देणगी कुठली? संस्थेला काय सांगू? पुढचं होस्टेल कोण भरणार?"

"मुलीला सांगावं लागेल."

"तुम्हीच सांगा. देणगी विभाग तुमचा आहे."

सरांनी दारातून आत डोकावलं. सभागृहात पहिल्या रांगेत प्रांजली नवा ड्रेस घालून बसली होती. शेजारी तिची आई. गोदामातली जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला गेलेली. या पोरीला काय सांगायचं? की बाई मेल्या नाहीत, तेव्हा तू शिकायचं नाहीस?

आधी पुरावा नाहीसा करायला हवा होता. सरांनी स्टेजवरचा फोटो हारासकट टेबलाखाली सरकवला. मग टेबलावर चढून 'कालकथित' या शब्दावर कार्डशीटचा तुकडा चिकटवला आणि त्यावर घाईघाईने 'आदरणीय' लिहिलं. खाली 'आदरांजली' झाकायला मात्र कागद उरला नाही. शिवाय तुकडा वीतभर आखूड पडला, त्यामुळे पहिलं अक्षर डावीकडून बाहेरच राहिलं. 'का आदरणीय भिमाबाई सिस्टर', असा सवालच आता भिंतीवरून सगळ्यांना विचारला जात होता.

तेवढ्यात माइक सुरू झाला. सिस्टरना खोलीत बसवून ठेवायचं प्राचार्यांनी कबूल केलं होतं, पण माइक ऐकल्यावर त्या कसल्या बसतात! "मी काय बीपी तपासायला आलेय व्हय हितं बसून ऱ्हायला?" असं म्हणून त्या सरळ सभागृहात आल्या आणि मागच्या रांगेत सरांच्या शेजारी टेकल्या. त्यांना ओळखणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

स्टेजवर क्रांती मॅडम होत्या. त्यांना गाठायला सरांना वेळच मिळाला नव्हता. त्यांनी मागूनच दोन्ही हात उंच करून जोरजोरात हलवले. म्हणजे थांबा, थांबा.

मॅडमनी ते पाहिलं आणि समजून मान डोलावली. "आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या."

सगळं सभागृह उभं राहिलं. सिस्टरही गुडघ्यावर हात टेकत उठल्या, हात जोडले, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं वो, सर?"

सर स्तब्धता पाळत राहिले.

"तुमच्यातलं कोन व्हतं का?"

"ओळखीचंच... होतं," सर पुटपुटले.

"अरं अरं. वय काय?"

"तुमच्याच... एवढं."

सिस्टरनी मान हलवली आणि पुन्हा मनोभावे डोळे मिटले. सरांना ती दोन मिनिटं संपूच नयेत असं वाटत होतं.

ती संपली. प्रांजली माइकपाशी आली. हातात कागद होता. "भिमाबाई आजींना मी कधीच भेटले नाही," तिने सुरुवात केली. "आणि आता कधी भेटणारही नाही. कारण त्या आज आपल्यात नाहीत."

"हाय की!" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी प्रांजलीकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं. शेजारी सर टेबलाखालच्या फोटोसारखेच दिसत होते.

"सर, मीच मेले व्हय?"

मग सगळं बाहेर आलं. सर उभ्याउभ्या एका दमात बोलत सुटले. भागुबाई काय म्हणाली, कशानं गेल्या, कुठे गेल्या, माघारी काय करायला सांगून गेल्या. 'यष्टीनं' ऐकताच मागची मुलं बाकं बडवून हसायला लागली. सिस्टरही पदर तोंडावर धरून इतक्या हसल्या, की त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं. प्राचार्यही हसले, पण एका बाजूने.

हसत नव्हती ती फक्त प्रांजली. ती माइकपाशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ए बाय," सिस्टर तिच्याकडे जात म्हणाल्या, "तुला काय झालं? रडतेस कशापायी?"

"तुम्ही जिवंत हाव म्हनून," प्रांजलीच्या तोंडून निघून गेलं. माइक चालूच होता. तिने जीभ चावली. "न्हाय आजी, तसं न्हाय! मला बरंच वाटलं, खरंच! पन आता... आता मला जाता येनार न्हाय ना."

तिची आई खाली मान घालून बसली होती. गणराज सरांना वाटलं, आपण तलाठी व्हायला हवं होतं, बाप सांगत होता.

सिस्टरनी कंबरेवर हात ठेवून मुलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय शिकनार हायस तिकडं?"

"समुद्रातलं शेवाळ."

"शेवाळ? त्याला मुंबईला कशाला जायचं? माझ्या पायरीवर ढीगभर हाय, दर पावसात पडते मी."

"त्याच्यापासून औषध होतं, आजी. जखमेवर."

दवाखान्यात जन्म काढलेल्या बाईंनी हे ऐकलं आणि कंबरेवरचे हात काढले. मग त्यांनी प्राचार्यांकडे मान वळवली.

"मी मरायपर्यंत हिनं थांबायचं म्हंजे ही म्हातारी व्हायची. आमच्यात शंभरीच्या आत कोन जात न्हाय. मला मरायची घाई न्हाय आनि हिला थांबायला येळ न्हाय, मंग कसं जमनार? डाव्या हाताचा गाळा ह्या महिन्यापासून हिच्या नावानं लावा. भाडं तुमच्याकडं पाठवते, काय कागद करायचा तो करा."

प्राचार्यांनी इतक्या जोरात टाळी वाजवली, की त्यांचं घड्याळ सुटलं. प्रांजली सिस्टरच्या पाया पडायला वाकली, तिला त्यांनी मधेच धरलं. "ते राहू दे. भाषन पुरं कर आधी. मेल्यावर मला कुठं ऐकू येनार हाय?"

प्रांजलीने डोळे पुसून सगळं भाषण वाचलं. त्यात सिस्टर किती दयाळू होत्या, किती दूरदृष्टीच्या होत्या, हे सगळं होतं. सिस्टर पहिल्या रांगेत बसून एकेका वाक्याला मान डोलावत होत्या. एकदाच मधे म्हणाल्या, "दूरचं दिसत न्हाय आता, मोतीबिंदू हाय."

दुपारच्या गाडीला सर त्यांना सोडायला गेले. गाडी आली. सिस्टर पायरीवर चढल्या, पिशवी आत ठेवली आणि दांडी धरून मागे वळल्या.

"सर, उजव्या हाताच्या गाळ्यासाठी पन एक पोर बघून ठेवा. हुशार बघा, गरीब बघा."

"बघतो, सिस्टर, नक्की बघतो," सर म्हणाले.

"पन ह्या खेपेला," सिस्टर म्हणाल्या, "मला न मारता बघा."