हद्दीवरचा निळा बुंधा

ओर्विल टोर्विक स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून कॉफी पीत होता, तेव्हा त्याची बायको मर्ना आत आली. तिने फ्रीज उघडला, दूध काढलं, फ्रीज लावला आणि मग खाली वाकून बघितलं.

"आज तिसरा दिवस," ती म्हणाली.

"हळू बोल."

"तो शंभर पावलांवर आहे, ओर्विल. चर्चमध्ये कानाशी जाऊन बोललं तरी 'काय? काय?' करतो. त्याला इथलं काय ऐकू येणार आहे!"

"खिडकीत आहे का तेवढं सांग."

मर्नाने बाहेर पाहिलं आणि हसून हात केला. "आहे. तुझ्या वाटचाही करून टाकला."

ओर्विलने कपाळावर हात मारून घेतला. हा हात तळव्यापासून मनगटापर्यंत निळा होता. माणूस बहात्तराव्या वर्षी निळा हात घेऊन टेबलाखाली का बसतो, हे कळायला एकोणीस वर्षं मागे जावं लागेल.

त्या भागात रस्त्याने जाताना समोर दिसेल त्याला हात करायची रीत आहे. ओळख असो वा नसो, हात करायचा. आवडत नसलेला माणूस असेल तर जरा जास्तच उत्साहाने करायचा, म्हणजे त्याला संशय येत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ओर्विल आपल्या पिकअपमधून शेजारच्या एल्डन क्वामच्या घरावरून चालला होता. एल्डन अंगणात उभा होता. ओर्विलने रीतीप्रमाणे हात केला. एल्डनने थेट त्याच्याकडे बघितलं, आणि हात काही वर केला नाही.

ओर्विल घरी आला तो लाल होऊनच. "यापुढे तो आधी हात करेल तेव्हाच माझा वर होईल," त्याने मर्नाला सांगून टाकलं. शाळेत एका बाकावर बसलेली ही दोन माणसं त्या दिवसापासून एकमेकांना दिसेनाशी झाली. ओर्विल गावात जाताना चार मैलांचा वळसा घालू लागला. एल्डनही चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकांवर बसू लागला.

या अबोल्याला सगळ्यात मोठा हातभार लावला तो बकथॉर्नने. हे परदेशातून आलेलं काटेरी झुडूप दोघांच्या घरांमधल्या ओकच्या रानात शिरलं आणि दहा-बारा फूट उंच माजलं. आत जायच्या आधी हरीणसुद्धा थांबून विचार करी. पलीकडचं घर दिसायचं बंद झालं, आणि दिसतच नाही म्हटल्यावर हात करायचा प्रश्नही उरला नाही. ओर्विलचा निश्चय इतकी वर्षं टिकला याचं निम्मं श्रेय त्या झुडपांना द्यावं लागेल.

पण ओकांचं काय? हे ओक ओर्विलच्या वडिलांनी जिवापाड सांभाळलेले. मागच्या उन्हाळ्यात सरकारी वनखात्याची पाकू श्योंग नावाची तरुण बाई रान बघायला आली. तासभर काटे अंगावर घेत हिंडली आणि म्हणाली, "मिस्टर टोर्विक, तुमच्या ओकांना नातवंडं नाहीत."

"म्हणजे?"

"म्हातारी झाडं आहेत, पण त्यांच्या खाली एक रोप नाही. बकथॉर्न खाली ऊनच पोचू देत नाही. ही झाडं गेली, की संपलं."

ओर्विलला हे फार लागलं. रात्री तो धड जेवलाही नाही. सकाळी त्याने करवतीला धार लावली.

पाकूने रीत समजावून सांगितली. ऑक्टोबर संपता संपता सगळं रान पानं टाकून मोकळं होतं, त्यानंतरही जे हिरवं राहील ते बकथॉर्न. ते कापायचं आणि कापल्याबरोबर जमिनीत उरलेल्या बुंध्यावर औषध फासायचं. नाही फासलं तर एकाच्या जागी दहा फुटतात. कुठला बुंधा झाला, कुठला राहिला हे कळावं म्हणून औषधात निळा रंग घातलेला असतो. "हातमोजे घाला," असंही तिने दोनदा सांगितलं होतं.

"आणि हद्दीपलीकडे आहे त्याचं काय?" ओर्विलने विचारलं.

"ती जमीन तुमची नाही. दुसऱ्याच्या रानाबद्दल मी तुमच्याशी बोलत नाही."

ओर्विलला हे उत्तर फारच आवडलं. आपण आपली बाजू साफ करू, पलीकडची झुडपं आहेतच आडोशाला! एल्डन कोठाराला रंग लावीन म्हणून गेली दहा वर्षं सांगतोय, तो कसली झुडपं कापतोय? म्हणजे ओकही वाचले आणि निश्चयही वाचला. हिशेब चोख होता. आठच दिवसांपूर्वी पाकू हद्दीच्या पलीकडे एल्डनबरोबर उभी होती आणि एल्डनने ओर्विलच्या आळसावर भरवसा ठेवून हाच हिशेब मांडला होता, एवढं फक्त त्याला माहीत नव्हतं.

दोन आठवडे ओर्विल राबला. पलीकडूनही करवतीचा आवाज येई. तो आपल्याच करवतीचा प्रतिध्वनी आहे अशी त्याची समजूत होती. मध्ये कॉफी प्यायला थांबल्यावरही प्रतिध्वनी चालूच राहिला, तेव्हा त्याला किंचित नवल वाटलं, पण रानात आवाज घुमतो, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. शनिवारी अंधार पडता पडता त्याने हद्दीवरचा शेवटचा, सगळ्यात जाड बुंधा निळा केला आणि घरी येऊन बुटांसकट झोपला.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कधी नव्हे इतका उजेड होता. ओर्विल अर्धवट झोपेत खिडकीशी आला आणि वरच्या खुंटीवरचा कप काढायला त्याने हात वर केला. समोर ओक उभे होते, सुटे सुटे, उन्हात न्हालेले. त्याचे डोळे भरून आले. मग दोन ओकांच्या बरोबर मधून त्याला एक खिडकी दिसली, आणि खिडकीत लांब बाह्यांच्या आतल्या बनियनवर उभा असलेला एल्डन क्वाम.

एल्डन त्या वर उचललेल्या निळ्या हाताकडे बघत राहिला. मग सावकाश त्याने आपला हात वर केला. तोही निळाच होता.

"मर्ना! मर्ना, त्याने हात केला!"

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसं? त्याला वाटलं मी आधी केला! मी कप काढत होतो!"

"मग जा आणि सांग त्याला."

"काय सांगू? एकोणीस वर्षांनी जाऊन सांगू, की मी तुला हात केला नाही?"

मर्ना अंडी फेटायला वळली. ओर्विल पुन्हा खिडकीकडे वळला. आणि समोरच्याने हात केल्यावर आपला हात न हलवणं हे तर त्याच्या बापजाद्यांत कुणी केलं नव्हतं. त्याने हात हलवला. एल्डनने हलवला. ओर्विल सिंककडे गेला आणि परत आला, तेव्हा पुन्हा नजरानजर झाली. पुन्हा हात. गोळी घ्यायला उठला, हात. पाव भाजायला ठेवला, हात. जळलेला पाव बाहेर टाकायला गेला तेव्हा दोन्ही हातांनी. पहिल्याच दिवशी ओर्विलने एक्केचाळीस वेळा हात केला आणि रात्री खांद्याला मलम चोळून घेतलं.

"पडदा लाव," मर्ना मलम चोळता चोळता म्हणाली.

"हात केल्यावर तोंडावर पडदा ओढायचा? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तिथे तो एकटाच राहतो."

"तोच म्हणेल ना!"

तेव्हापासून ओर्विल खिडकीखालून रांगत जाऊन कॉफी घेऊ लागला आणि टेबलाखाली बसून पिऊ लागला. निदान तिथे तरी त्याची शान शाबूत होती.

गुरुवारी हद्दीवरच्या त्या जाड निळ्या बुंध्यावर एक ट्रे ठेवलेला सापडला. वरून फॉइल लावलेलं, आत वड्यांसारखे कापलेले, रुबार्बच्या आंबट देठांचे केक.

"मी खाणार नाही," ओर्विल म्हणाला.

"नको खाऊस. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं." मर्नाने ट्रे भोपळ्याच्या पावाने भरला आणि ओर्विलला पिटाळलं. त्याने तो बुंध्यावर ठेवला आणि खिडकीकडे न बघता पळ काढला. दोन दिवसांनी ट्रे सफरचंदं घेऊन परत आला. मग खजुराच्या कुकीज गेल्या, चीजचा भलामोठा तुकडा आला. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला तेव्हा सगळा गाव दुरून उठून दिसणाऱ्या भगव्या जाकिटात बंदूक घेऊन रानात शिरत होता, आणि ओर्विल भगव्या जाकिटात ट्रे घेऊन. सगळ्या हिवाळ्यात तो ट्रे एकदाही रिकामा हिंडला नाही. ओर्विल अजूनही एल्डनचं काही खात नव्हता, फक्त कडेचे तुकडे नीट भाजले गेलेत का ते बघत होता. वसंतापर्यंत बघून बघून त्याने पट्ट्याला दोन भोकं वाढवली.

फेब्रुवारीत एकदा मर्ना खिडकीतून बाजूला होत म्हणाली, "आज गंमतच झाली. मी हात केला, तर समोर एल्डन नव्हताच."

"मग?"

"नुसता हात होता. खिडकीच्या खालून वर आला, हलला आणि गेला."

टेबलाखाली ओर्विलने हातातला कप खाली ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या माणसाबद्दल माया वाटली. पण निर्णय झाला होता. बर्फ वितळलं की नवा आडोसा उभा करायचा, तोही कायद्याने चालेल असा, इथल्याच मातीतल्या झुडपांचा. त्याने सरकारी रोपवाटिकेत हेझेल आणि डॉगवुडची साठ रोपं मागवली.

"साठ? सगळी एकाच रांगेत?" पाकूने विचारलं.

"पक्ष्यांसाठी," ओर्विल म्हणाला.

पाकूने त्याच्याकडे जरा बघितलं. "यंदा या भागात पक्ष्यांची फारच काळजी घेतली जातेय," ती म्हणाली आणि कागदावर सही करून निघून गेली.

मे महिन्यात, एल्डन गावात दाढी करायला जातो त्या मंगळवारी सकाळी ओर्विल निघाला. डाव्या काखेत तीस रोपं, उजव्या काखेत तीस रोपं, एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात बादली. हद्दीपाशी पोचून त्याने मान वर केली. दाढीला न जाता एल्डन दहा पावलांवर उभा होता. दोन्ही काखांत रोपं, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बादली.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. हात करायला हवा होता. दोघांच्याही बाहीत हालचाल झाली, पण हात कुणाचाच मोकळा नव्हता. शेवटी एल्डनने मान हलवली.

ती हललेली मान बघून ओर्विलला एकोणीस वर्षांपूर्वीचं ते अंगण आठवलं.

"एल्डन," तो म्हणाला. "एक विचारू? फार जुनं आहे. मी तुझ्या घरावरून पिकअप घेऊन चाललो होतो. जुलै होता. तू अंगणात उभा होतास."

"डोरिसच्या पन्नाशीचा दिवस," एल्डन लगेच म्हणाला. "विसरेन कसा? एका हातात तिचा केक होता, दुसऱ्या हातात माशांची बादली. तू हात केलास, मी मान हलवली. त्यानंतर तू पुन्हा कधी हात केलाच नाहीस. डोरिस सारखी म्हणायची, ओर्विलचं काहीतरी बिनसलंय, जाऊन ये. मी म्हटलं, त्याला नको असेल तर आपण कशाला मध्येमध्ये करायचं?"

एल्डनच्या बायकोला, डोरिसला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या अंत्यविधीला ओर्विल सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता आणि प्रार्थना संपायच्या आत निघाला होता. आता त्याला इतकी लाज वाटली, की साठही रोपं त्याच्या काखांतून खाली पडली तरी त्याला कळलं नाही.

"काचेवर ऊन असेल," तो म्हणाला. "मला मान दिसली नाही."

"असेल," एल्डन म्हणाला. त्याने फावडं खाली ठेवलं. "ही रोपं कशाला आणलीस?"

"पक्ष्यांसाठी. तू?"

"पक्ष्यांसाठीच."

आता आणलीच आहेत म्हटल्यावर न लावता परत जाणंही बरं दिसलं नसतं. म्हणून आपापल्या बाजूने दोघे खड्डे घेत सुटले, अगदी मन लावून. शंभर-सव्वाशे रोपांचा तो आडोसा दोन्ही टोकांकडून मध्ये सरकत आला. मध्ये त्या निळ्या बुंध्याशी पोचल्यावर ओर्विलने कुदळ उगारली, आणि एल्डन ओरडला, "थांब!"

बुंध्याच्या बाजूला वीतभर उंचीचं काहीतरी उभं होतं. तांबूस देठ, वर चार कोवळी, कातरलेल्या कडांची पानं. दोघेही सांधे कुरकुरवत गुडघ्यांवर बसले.

"ओक," एल्डन म्हणाला.

"नातू," ओर्विल म्हणाला.

"त्याला ऊन हवं. दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलं मोकळी ठेवावी लागतील."

ओर्विलने मान वळवून आपल्या खिडकीकडे पाहिलं, मग एल्डनच्या. रोप बरोबर दोन्हींच्या मध्ये होतं. "लागतीलच," तो म्हणाला. उरलेली रोपं दोघांनी दुसरीकडे कुठेतरी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ना स्वयंपाकघरात आली आणि सवयीने टेबलाखाली वाकली. तिथे कुणी नव्हतं. ओर्विल केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून खिडकीत उभा होता. त्याची कॉफी निवली होती.

"सव्वासात झाले," तो म्हणाला. "अजून आला कसा नाही? बरं नसेल का? जाऊन बघू?"

"एकटा माणूस आहे. काहीतरी भाजत असेल."

तेवढ्यात समोरच्या खिडकीत एल्डन आला. एका हातात कॉफीची किटली होती, दुसऱ्या हातात तो ट्रे. त्याने ओर्विलकडे थेट बघितलं आणि मान हलवली.

ओर्विलने हात वर करता करता खाली घेतला, आणि मान हलवली.