मायक्रॉनवाले शिकलगार

माझ्या भाचीला स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाची उंची पाच फूट सात इंच आहे, असं मी डबा खाताना सहज बोलून गेलो. समोर बसलेल्या शिकलगार साहेबांचा घास हातातच थांबला.

"सकाळी की संध्याकाळी?"

"म्हणजे?"

"माणूस सकाळी उंच असतो. दिवसभरात मणके दबतात. संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर तरी जातो. कुणी मोजली, कधी मोजली, कशाने मोजली, विचारून घ्या."

मी विचारलं नाही. लग्न झालं, जावई चांगला निघाला. त्याची उंची मात्र आमच्या घरात आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

हडपसरच्या पुढे आमचा छोटा कारखाना होता. पंपांना लागणाऱ्या पिना करायचो. मी सुपरवायझर आणि शिकलगार साहेब तपासणी विभागाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे विभागात ते एकटेच. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे त्यांचं दैवत. त्यांच्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवलेलं असे. मे महिन्यात मी काहीतरी निमित्त काढून तिकडे गेलो की ते दारातच अडवत. "थांबा जरा. तुमचा ताप बाहेर उतरू द्या."

पिनांनाही तोच नियम. मशीनवरून उतरलेली गरम पीन फुगलेली असते, ती गार होईपर्यंत ते तिला हात लावत नसत. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, मालक फोनवर माझा उद्धार करतायत आणि आत दोनशे पिना गारव्यात निवांत पहुडलेल्या. नोकरीभर मी त्या पिनांचा हेवा केला.

"दहा मिनिटांत येतो" म्हटलं की ते विचारत, "अधिक-उणे किती?" एकदा मार्केट यार्डात कांद्याचं पोतं तीनदा काट्यावर चढवायला लावून त्यांनी हमालाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तिन्ही वजनं वेगवेगळी आली आणि साहेब खूश होऊन घरी परतले. त्यांचं घरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे असे. ते लावून का घेत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "रोज सहाच मिनिटं पुढे असतं. एकच चूक करणाऱ्याचा भरवसा धरता येतो. तुमचं तसं नाही. तुम्ही रोज नवीन करता."

अशा माणसाने महादूचा माल डोळे मिटून पास करावा, हे मला फार लागलं.

महादू पोकळे धायरीचा, ग्राइंडिंग मशीनवर, नोकरीत माझ्याहून जुना. त्याच्या पिना एकाएकी नापास व्हायला लागल्या. एक जाड, एक बारीक. वरून विचारणा झाली, तेव्हा त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवायची चिठ्ठी मी लिहून ठेवली. आणि त्याच आठवड्यात नापास होणं थांबलं. महिना गेला, दुसरा गेला, महादूची एक पीन परत येईना. इतरांच्या मात्र येतच होत्या. इतकी वर्षं माझा जीव खाऊन आता म्हाताऱ्यावर ही मेहेरबानी?

एका दुपारी मी तणतणतच महादूच्या मशीनपाशी गेलो. जाडी मोजायचा बारीक रेघांचा मायक्रोमीटर डबीत बंद होता. महादूच्या हातात घोड्याच्या नालेसारखं दोन तोंडांचं पोलादी गेज होतं. एका तोंडातून पीन जायला हवी, दुसऱ्यात अडायला हवी. गेली आणि अडली, की माल बरोबर. वाचायचं काहीच नाही.

"हे कुठून आणलंस?"

महादूने मान खाली घातली. "साहेबांनी घरी बसून घासलंय. तीन रविवार. मला बारीक रेघा दिसत न्हाईत आता. मोतीबिंदू हाय. तुमाला सांगू नका, म्हनलं व्हतं मीच."

मी तसाच तपासणीच्या खोलीत गेलो.

"माल बरोबर आहे ना?" साहेब मान वर न करता म्हणाले. "त्याला डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही चिठ्ठी लिहिली असती."

"लिहिलीच होती," मी म्हणालो. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

दिवाळीनंतर महादूचं ऑपरेशन झालं. मी धायरीला त्याला बघायला गेलो, तेव्हा त्याने ते गेज माझ्या हातात दिलं. "साहेबांना परत द्या. आता रेघा दिसतील. दोन दिस दवाखान्यात माझ्या उशाशी तेच बसून व्हते."

दुसऱ्या दिवशी मी गेज नेऊन दिलं. साहेबांनी त्याला तेल लावलं, मलमलीत गुंडाळलं आणि कपाट उघडलं. आत तशीच आणखी एक पुरचुंडी होती. तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं : शिकलगार.

"हे तुमचं?"

"डाव्या डोळ्यात सुरू झालंय. उजवा अजून चालतोय."

"मग करून घ्या की ऑपरेशन."

"सोबत कुणीतरी लागतं म्हणाले." त्यांनी कपाट लावलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "बघू."

"मी येतो," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून दवाखान्याचा एक कागद. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि ते दोन्ही तळव्यांनी कितीतरी वेळ तो सरळ करत राहिले.